रोमला जाताना काय ल्यावे?

२०२५ च्या ज्युबिली वर्षी वसईच्या अनेक गावांतून यात्रेकरूंचे जथे रोमला जाऊन आले. अशाच एका जथ्याच्या पूर्वतयारीच्या सभेला आम्ही सहज म्हणून जाऊन बसलो होतो. व्हिसा, विमा, युरोचा भाव हे विषय अर्ध्या तासात हातावेगळे झाले. पेहरावाचा विषय निघाला मात्र, आणि सभेला खरा रंग चढला. संत पेत्राच्या महामंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एवढाच तिथला नियम. पण प्रश्न नियमाचा नव्हताच. सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींनी जाहीर केले, की आपण पोप महोदयांच्या दर्शनाला लाल लुगडे नेसूनच जाणार. त्यांच्या सुनेला ते पटेना. "आई, तिथे सगळे आपल्याकडेच बघत राहतील," ती म्हणाली. "मग बघू देत की! आपण कुठून आलो ते त्यांना कळायचे कसे?" मावशींचे उत्तर तयार होते. कोणी सुनेची बाजू घेतली, कोणी सासूची. निर्णय काही झाला नाही. चहा आला आणि सभा संपली.

घरी परतताना आम्हांला चार मुले आठवली. सुमारे ४४० वर्षांपूर्वी तीही रोमला निघाली होती आणि त्यांनी काय ल्यावे याचाही मोठा खल झाला होता. फरक इतकाच, की तो खल थोरामोठ्यांनी केला. मुलांना कोणी विचारले नाही. ती मुले जपानची. त्यांच्या वाटेवर आपले गोवे दोनदा येते आणि त्यांच्या कथेच्या शेवटाजवळ आपल्या वसईचा एक सुपुत्रही उभा आहे. म्हणून ही कथा आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटली.

प्रारंभ मात्र थोडा मागून, संत फ्रान्सिस झेवियरपासून करावा लागेल. १५४९ च्या १५ ऑगस्टला, स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, झेवियर कागोशिमा बंदरात उतरला. जपानच्या सम्राटाची भेट घ्यावी आणि त्याच्याकडून सुवार्ताप्रसाराची परवानगी मिळवावी, अशी त्याची मनीषा होती. १५५० च्या अखेरीस, ऐन हिवाळ्यात, तो बर्फ तुडवीत मियाकोला, म्हणजे आजच्या क्योतोला, पायी निघाला. बरोबर ब्रदर हुआन फेर्नांदेस आणि बर्नार्दो नावाचा जपानी तरुण होता. अंगावर फाटका, विटका झगा. गोव्याहून आणलेल्या भेटवस्तू तर मागे हिरादोलाच ठेवलेल्या. मियाको हे त्या काळी जपानचे पहिल्या मानाचे नगर होते. युद्धांनी ते होरपळलेले होते खरे, पण तिथले रेशीम, तिथले दरबारी रीतिरिवाज आणि तिथल्या माणसांची दुसऱ्याच्या अंगावरील वस्त्राकडे पाहण्याची पारखी नजर कायम होती. झेवियरला सम्राटाच्या दारात कोणी उभे केले नाही. जेमतेम अकरा दिवस राहून तो परतला.

यानंतर झेवियरने जे केले, ते त्याच्या चरित्रात आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. १५५१ च्या वसंतात तो यामागुची येथील सरदार ओउची योशिताकापुढे पुन्हा गेला, तो चांगल्या वस्त्रांत, गोव्याच्या राज्यपालाचा दूत म्हणून. बरोबर गोव्याच्या राज्यपालाची आणि महागुरुस्वामींची चर्मपत्रावर लिहिलेली पत्रे होती. घड्याळ, चष्मे, बंदूक असा नजराणा होता. योशिताकाने त्याला प्रवचनाची मुभा दिली आणि राहण्यासाठी एक रिकामा मठ दिला. माणूस तोच, सुवार्ता तीच, फक्त झगा बदलला होता. ज्या झेवियरने मोझांबिक ते मोलुक्का बेटांपर्यंत दारिद्र्याचे व्रत अंगावर मिरवले, त्याला हा बदल सोपा गेला असेल असे आम्हांला वाटत नाही. परंतु दारिद्र्याचे व्रत आपल्यासाठी असते आणि वस्त्र समोरच्याशी बोलते, ही गोष्ट त्याने ओळखली.

त्याच्यामागून आलेल्या सर्वांना हे पटले नाही. १५७० पासून जपानमधील येशूसंघाचे प्रमुख असलेले फादर फ्रान्सिस्को काब्राल यांनी रेशमी वस्त्रांना बंदी घालून साध्या सुती काळ्या झग्याचा दंडक घातला. हे काब्राल जपानी लोकांविषयी फारसे चांगले मत बाळगून नव्हते, हेही सांगायला हवे. मग १५७९ साली आलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटालियन धर्मगुरू पौर्वात्य मिशनचा निरीक्षक म्हणून जपानात आला. उंचापुरा, कायद्याचा पदवीधर, बुद्धीने तीक्ष्ण आणि स्वभावाने थोडा हुकमी. जपानी माणसाशी जपानी रीतीने वागावे, त्याच्या बसण्या-उठण्याचा, जेवणाचा, पाहुणचाराचा मान राखावा, अशी त्याची भूमिका होती. त्याने काब्राल यांना पदावरून दूर केले आणि रीतिरिवाजांविषयी एक सविस्तर सूचनापत्रच लिहून काढले.

वालिन्यानोच्या मनात आणखी एक कल्पना घोळत होती. युरोपातील लोक जपानविषयी ऐकतात, पण विश्वास ठेवत नाहीत. जपानी लोक युरोपविषयी ऐकतात, तेही विश्वास ठेवत नाहीत. तेव्हा ख्रिस्ती झालेल्या तीन सरदारांच्या वतीने काही मुलांना रोमला पाठवावे. पोप महोदयांनी त्यांना पाहावे, त्यांनी पोप महोदयांना पाहावे आणि जमल्यास जपान मिशनच्या रिकाम्या तिजोरीतही काही भर पडावी. इतो मान्सियो, चिजिवा मिगेल, हारा मार्तिन्यो आणि नाकाउरा जुलियान अशी चार मुले निवडण्यात आली. सगळी १३-१४ वर्षांची. २० फेब्रुवारी १५८२ रोजी नागासाकीहून त्यांचे जहाज सुटले.

प्रवास संथ होता; वाऱ्याची वाट पाहण्यातच महिने जात. मकावमध्ये जवळजवळ वर्षभर मुक्काम पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्यात शिकलेला एक तरुण धर्मगुरू मकावला उतरला. तो मात्तेओ रिच्ची. पुढे चीनमध्ये शिरताना त्याने आधी डोके भादरून बौद्ध भिक्षूचा झगा घातला आणि बारा वर्षांनी, १५९५ साली, तो टाकून दाढी वाढवली व विद्वानाचे रेशमी वस्त्र धारण केले. त्या बदलालाही वालिन्यानोचीच संमती होती. कोणत्या नगरात कोणते वस्त्र घालून शिरावे, हा प्रश्न या एका माणसाच्या डोक्यात जणू आयुष्यभर घर करून बसला होता.

१५८३ च्या अखेरीस मुले कोचीमार्गे गोव्याला पोहोचली. गोवे तेव्हा शोकात होते. त्याच वर्षीच्या जुलैत कुंकळी येथे फादर रुदोल्फो आक्वाविवा आणि त्यांचे सोबती मारले गेले होते. आपले फादर थॉमस स्टीफन्स तेव्हा साष्टीतच होते. 'ख्रिस्तपुराण' अजून तीस वर्षे दूर होते. गोव्यात वालिन्यानोला आदेश मिळाला, की त्याने भारतातच प्रांतप्रमुख म्हणून राहावे. मुलांना स्वतः रोमला नेण्याचे त्याचे स्वप्न इथे मोडले. मग त्याने सोबत जाणाऱ्या धर्मगुरूंसाठी लेखी सूचना तयार केल्या. मुलांना येशूसंघाच्याच घरांत उतरवावे. त्यांना युरोपातील जे उत्तम तेच दाखवावे, वाईट दिसू नये. त्यांचे स्वागत डामडौलाचे होऊ नये. या शेवटच्या सूचनेचे पुढे काय झाले, ते वाचकांना दिसेलच.

मुलांच्या सामानात दोन प्रकारचे कपडे होते. रोजच्या वापराला युरोपीय धाटणीचे, आणि राजे-महाराजांपुढे जाताना घालण्यासाठी जपानी रेशमी पोशाख. पांढऱ्या रेशमावर रंगीत फुले व पाखरे विणलेले, एकावर एक घालायचे रुंद बाह्यांचे झगे. खाली घेरदार विजार. पायांत अंगठा वेगळा असलेले मोजे. कमरेला दोन तलवारी, एक लांब व एक आखूड. हे कपडे ठेवणीतले होते. आपल्याकडे लग्नाचा शालू ट्रंकेच्या तळाशी असतो, तसे ते पेटीत जपून ठेवून अर्ध्या जगाला वळसा घालून नेण्यात आले.

ऑगस्ट १५८४ मध्ये मुले लिस्बनला उतरली. पुढच्याच महिन्यात व्हिला व्हिसोझा येथे ब्रगान्साच्या डचेस कातारिना यांच्या वाड्यात एक गमतीचा प्रसंग घडला. जपानी पोशाख डचेसबाईंना इतका आवडला, की तो नीट निरखून त्यांनी शिंप्यांकडून तसाच एक गुपचूप शिवून घेतला आणि आपला मुलगा दुआर्ते याच्या अंगावर चढवला. मग पाहुण्यांना निरोप गेला, की आणखी एक जपानी पाहुणा आला आहे, त्याला भेटायला या! मुले गेली, तर समोर दुआर्ते. या सबंध दौऱ्यात मुलांच्या वस्त्रांवर कोणी इतके निर्मळ प्रेम केले असेल, तर ते याच बाईंनी, असे आम्हांला वाटते. बाकी सारे पाहत होते; त्यांनी आपल्या लेकाला घालून पाहिले.

नोव्हेंबरात माद्रिदला राजा फिलिप दुसरा याची भेट झाली. हा राजा काळ्या कपड्यांसाठी प्रसिद्ध. त्याच्यामुळेच काळा रंग युरोपच्या दरबारांत रूढ झाला, असे म्हटले तरी चालेल. मुले जपानी पोशाखात गेली. राजाने त्यांची वस्त्रे बारकाईने पाहिली, पादत्राणे पाहिली, तलवार हाती घेऊन पाहिली. अर्ध्या जगाचा हा धनी एरवी कागदपत्रांतून मान वर काढीत नसे.

त्या काळच्या युरोपात कपडा हा किती चंचल विषय होता, हे समजण्यासाठी फादर लुईस फ्रोईश यांची साक्ष काढावी लागते. मुले युरोपात फिरत होती, त्याच १५८५ साली फ्रोईश जपानात बसून युरोपीय आणि जपानी चालीरीतींची तुलना करणारे एक टिपण लिहीत होते. त्याचे पहिलेच प्रकरण पुरुषांच्या शरीराविषयी व पोशाखाविषयी आहे. युरोपात जवळजवळ दरवर्षी नवी फॅशन निघते, जपानात मात्र पोशाख बदलत नाही, असे त्यांचे निरीक्षण. युरोपात दुखवट्याला काळे वापरतात, जपानात पांढरे, हेही त्यांनी नोंदवले आहे. हे निरीक्षण वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण रोममध्ये ही मुले पांढऱ्या रेशमात दिसणार आहेत आणि मियाकोत काळ्या मखमलीत.

१ मार्च १५८५ रोजी मुले लिव्होर्नो बंदरात इटलीच्या भूमीवर उतरली. पिसा येथे तोस्कानाच्या ड्यूकच्या दरबारी नृत्यसमारंभ होता. तिथे डचेस बियांका कापेल्लो यांच्याबरोबर बिचाऱ्या मान्सियोला नाचावे लागले. २२ मार्चच्या रात्री ती रोमला पोहोचली आणि दुसऱ्याच दिवशी पोप तेरावे ग्रेगरी यांनी त्यांना जाहीर दरबारात भेट दिली. वालिन्यानोची सूचना होती साध्या, खासगी भेटीची. रोमने ती बाजूला सारली. सगळे नगर रस्त्यावर उतरले होते. तोफा, कर्णे, घोडेस्वार, कार्डिनलांचे लवाजमे, आणि या सगळ्यांच्या मध्ये घोड्यावर बसलेली, पांढऱ्या फुलापाखरांच्या रेशमातली तीन मुले.

तीनच. चौथा, जुलियान, तापाने फणफणला होता. त्याचा हट्ट पाहून त्याला आधी गाडीतून पोप महोदयांकडे नेण्यात आले. वृद्ध पोपनी त्याला जवळ घेतले आणि विश्रांतीसाठी परत पाठवले. मिरवणूक त्याच्याविना निघाली. युरोपच्या इतिहासात त्या दिवसाचे जे वर्णन आहे, त्यात जुलियानचा रेशमी झगा कुठेच नाही.

तीन राजपुत्र पूर्वेकडून पोपच्या पायांशी आले, असा बोभाटा युरोपभर झाला. पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांची आठवण लोकांना झाली असल्यास नवल नाही. मुले राजपुत्र नव्हती. सरदारांच्या नात्यातली, कुलीन, पण काहीशी गरीब घरची ती होती. १५८७ साली जपानमधल्याच एका येशूसंघीय धर्मगुरूने, या मुलांना राजकुमार म्हणून मिरवल्याबद्दल लाज वाटते, अशा अर्थाची तक्रार लिहून पाठवली. आम्हांला ही तक्रार रास्त वाटते. मुले खोटे बोलली नव्हती, सोबतच्या धर्मगुरूंनीही उघड खोटे सांगितले असे नव्हे. पण रेशमाने जे सांगितले, ते कोणी खोडून काढले नाही. झेवियरचा फाटका झगा पाहून मियाकोने त्याला भिकारी ठरवले आणि मुलांचे रेशीम पाहून रोमने त्यांना राजपुत्र ठरवले. दोन्ही नगरांचा डोळा सारखाच चुकला.

पोप ग्रेगरी यांनी मुलांना नव्या युरोपीय वस्त्रांची भेट दिली. मिरवणुकीनंतर तीन आठवडेही उलटले नाहीत, तोच, १० एप्रिलला, ते निवर्तले. त्यांचे वारस पाचवे सिक्स्तुस यांनी मुलांना सरदारकी बहाल केली, रोमनेही त्यांना नागरिकत्व दिले. व्हेनिसमध्ये मुलांनी तिथल्या प्रमुखाला, म्हणजे दोजेला, एक जपानी पोशाख आणि तलवारी भेट दिल्या. व्हेनिसने त्यांची चित्रे काढण्याचे काम तिंतोरेत्तो या नामांकित चित्रकारावर सोपवले. ती चित्रे पुढे काळाच्या उदरात गडप झाली. २०१४ साली मिलान येथील एका संस्थेने जाहीर केले, की त्यांतले मान्सियोचे एक चित्र सापडले आहे. ते तिंतोरेत्तोचा मुलगा दोमेनिको याच्या हातचे. त्या चित्राचा फोटो आम्ही पाहिला आहे. स्पॅनिश पद्धतीचा पोशाख, गळ्याभोवती चुणीदार पांढरी कॉलर, आणि त्या कॉलरीच्या वर एका पोराचा थकलेला, शहाणा चेहरा. १५८६ साली जर्मनीत औग्सबुर्ग येथे छापलेल्या पत्रकातही चारही मुले युरोपीय कपड्यांतच दिसतात. आरंभी युरोपला ती जपानी म्हणून हवी होती. शेवटी युरोपने आपल्या चित्रांत त्यांना आपल्यासारखे करूनच ठेवले.

१५८७ च्या मे अखेरीस मुले पुन्हा गोव्याला पोहोचली. आता ती मुले राहिली नव्हती. तरुण झाली होती. ४ जून रोजी हारा मार्तिन्योने वालिन्यानोच्या सन्मानार्थ लॅटिनमध्ये भाषण केले. ते दुसऱ्या वर्षी गोव्यातच छापण्यात आले आणि छापणारा होता या दौऱ्यात मुद्रणकला शिकलेला कोन्स्तांतिनो दोरादो. पाश्चात्त्य यंत्रावर आपल्या भूमीत छापलेल्या आरंभीच्या पुस्तिकांपैकी एक अशी एका जपानी मुलाच्या नावावर आहे, ही गोष्ट आपल्या ग्रंथप्रेमींनी लक्षात ठेवावी अशी आहे. पुढे १५९० साली मकावला या दौऱ्याचा लॅटिन संवादग्रंथ निघाला. त्यातले बोल मुलांच्या तोंडी आहेत, पण मजकूर वालिन्यानोच्या देखरेखीखाली जुळवलेला आहे. चार मुलांना खरोखर काय वाटले, ते त्यातून कळत नाही.

दरम्यान जपानात वारे फिरले होते. सर्वसत्ताधीश झालेल्या तोयोतोमी हिदेयोशीने जुलै १५८७ मध्ये धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. त्यामुळे वालिन्यानोला धर्मगुरू म्हणून मियाकोत पाऊल टाकणे शक्य नव्हते. त्याने झेवियरचाच जुना उपाय केला. गोव्याच्या व्हाईसरॉयचा राजदूत म्हणून तो आला. व्हाईसरॉयचे एप्रिल १५८८ चे सचित्र चर्मपत्र आज क्योतोच्या म्योहो-इन या बौद्ध मंदिरात राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन केलेले आहे. गोव्याहून गेलेला एक कागद चार शतके बौद्ध भिक्षूंनी सांभाळावा, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.

३ मार्च १५९१ रोजी हिदेयोशीच्या जुराकुदाई प्रासादात भेट झाली. मियाकोचे नागरिक दुतर्फा दाटीने उभे होते. पुढे अरबी घोडा, मागे पोर्तुगीज व्यापारी आपापल्या उंची कपड्यांत, आणि त्यांच्याबरोबर पोप ग्रेगरी यांनी दिलेल्या सोनेरी किनारीच्या काळ्या मखमली पोशाखात चार जपानी तरुण. रोमला जाताना त्यांना जपानी केले होते. आता स्वतःच्या देशाच्या राजनगरीत शिरताना त्यांना रोमन केले. हिदेयोशी प्रसन्न झाला. त्याने त्यांच्याकडून पाश्चात्त्य वाद्ये वाजवून घेतली आणि पुन्हा पुन्हा वाजवायला लावली. मान्सियोला त्याने आपल्या पदरी राहण्याविषयी विचारले. मान्सियोने नम्रपणे नकार दिला. धर्मगुरूंविरुद्धचा हुकूम मात्र मागे घेतला गेला नाही. वस्त्रांचे कौतुक झाले, बाकी जे मागायचे होते ते मिळाले नाही. त्याच वर्षी २५ जुलैला चौघांनी येशूसंघात प्रवेश केला. मखमल उतरली, साधा काळा झगा अंगावर आला. हा पेहराव त्यांनी स्वतः निवडला.

त्या मखमलीचा एक परिणाम मात्र झाला, आणि तो कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. पुढच्या दोन-तीन वर्षांत हिदेयोशीच्या दरबारात पोर्तुगीज कपड्यांची लाटच आली. ख्रिस्ती नसलेले सरदारही चुणीदार कॉलरी आणि फुगीर विजारी घालू लागले, गळ्यात जपमाळा आणि क्रूस मिरवू लागले. काहींनी तर हौसेने प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया पाठ केली. नागासाकीच्या शिंप्यांना उसंत मिळेना. चाळीस वर्षांच्या धर्मशिक्षणाने जे साधले नव्हते ते शिंप्याच्या कात्रीने साधले, असे कोणी म्हणेल. पण ती जपमाळ दागिना होती. त्या सरदारांपैकी किती जण पुढच्या छळात टिकले, हे निराळे सांगायला नको.

ही हौस ऐन भरात असताना, १५९३ साली, हिदेयोशीपुढे एक निराळेच शिष्टमंडळ उभे राहिले. फिलिपिन्सच्या गव्हर्नरांनी फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली चार फ्रान्सिस्कन बंधूंना दूत म्हणून पाठवले होते. करड्या जाड्याभरड्या कापडाचे झगे, कमरेला दोरी, पाय अनवाणी. रेशीम व मखमल अंगावर घेतलेल्या दरबारात हे भिक्षेकरी दूत. आणि त्यांचा दुभाषी होता आपला वसईचा गोन्सालो गार्सिया.

गोन्सालो १५५६ च्या सुमारास वसईत जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या येशूसंघीय शाळेत शिकून तो लहान वयातच जपानला गेला आणि कित्येक वर्षे त्याने येशूसंघाच्या मिशनात धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा पुरी झाली नाही. तेव्हा तो व्यापारात शिरला आणि पैसा मिळवू लागला. जपानी भाषा त्याला अस्खलित येत होती. मग मनिलाला जाऊन, सगळा व्यापार सोडून, त्याने फ्रान्सिस्कन बंधूंचा झगा घेतला. धर्मशिक्षकाचे वस्त्र, व्यापाऱ्याचे वस्त्र, भिक्षेकऱ्याचे वस्त्र असे तिन्ही पेहराव त्याच्या अंगाला लागलेले होते. जपानी लोक वस्त्राकडे कसे पाहतात, हे हिदेयोशीच्या दरबारात उभ्या राहिलेल्या परदेशीयांत त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी तो अनवाणीच गेला.

येशूसंघीय धर्मगुरूंना हे मुळीच रुचले नाही. चाळीस वर्षे लावलेली घडी विस्कटेल, उच्चवर्गीय जपानी या दारिद्र्याला तुच्छ लेखतील, असे त्यांना वाटले. आणि त्यांच्या म्हणण्यात अनुभव होता, झेवियरचा दाखला होता. फ्रान्सिस्कनांना वाटे, की सुवार्ता गरिबांची आहे, तिला मखमल कशाला? हा वाद पुढे कटू झाला. दोन्ही बाजूंनी लिहिलेली पत्रे आज वाचताना मन खिन्न होते. आमचे मत विचाराल, तर वालिन्यानो चुकला असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याने मुलांना वस्त्रे घातली. गोन्सालोने आपले वस्त्र आपण घातले. हिदेयोशीने या अनवाणी दूतांनाही मियाकोत राहू दिले. तिथे त्यांनी मठ बांधला आणि रोग्यांची, विशेषतः कुष्ठरोग्यांची, सेवा केली.

१५९६ अखेर हिदेयोशीचा रोष उसळला. चोवीस ख्रिस्तीजनांना पकडून मियाकोच्या रस्त्यांतून त्यांची धिंड काढण्यात आली आणि डाव्या कानांचे तुकडे छाटण्यात आले. रोमच्या मुलांची मखमल पाहायला लोटलेली गर्दी याच नगराची. मग भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. सव्वीस जण प्राणास मुकल्यावर जमलेल्या लोकांनी त्यांच्या झग्यांचे तुकडे पवित्र अवशेष म्हणून फाडून नेले. ८ जून १८६२ रोजी या सर्वांना संतपद देण्यात आले. आपल्या देशाचा पहिला संत त्या करड्या झग्यातच वेदीवर चढला.

आणि ती चार मुले? मान्सियो, मार्तिन्यो आणि जुलियान १६०८ साली नागासाकीत धर्मगुरू झाले. मान्सियो १६१२ साली आजारपणाने वारला. १६१४ च्या हद्दपारीत मार्तिन्योला मकावला जावे लागले. तिथेच तो १६२९ साली मरण पावला. मिगेल १६०० नंतर संघ सोडून गेला, आणि धर्मही सोडला असे म्हणतात. त्याला दोष देण्यापूर्वी एक गोष्ट सांगावी लागेल. त्याच्या कुटुंबाची मानली जाणारी समाधी नागासाकीजवळच्या इसाहाया येथे आहे. २०१७ साली तिथे उत्खनन झाले, तेव्हा काचेचे मणी सापडले. ते जपमाळेचे असावेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

जुलियान मात्र देश सोडून गेला नाही. हद्दपारीचा हुकूम निघाल्यावर तो भूमिगत झाला आणि जवळजवळ वीस वर्षे क्यूशू बेटावर खेडोपाडी लपूनछपून मिस्सा अर्पण करीत, पापनिवेदने ऐकत राहिला. त्या दिवसांत धर्मगुरूचा झगा घालणे म्हणजे स्वतःबरोबर आसरा देणाऱ्या घरालाही मरणाच्या खाईत लोटणे होते. पोप महोदयांनी जवळ घेतलेला हा माणूस खेडुतांमध्ये खेडूत होऊन वावरला. शेवटी तर त्याला चालता येत नव्हते. ख्रिस्तीजन त्याला गावोगाव उचलून नेत. १६३२ साली कोकुरा येथे तो पकडला गेला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात त्याला निशिझाका टेकडीवर, गोन्सालो जिथे क्रूसावर चढला होता तिथेच, दोरांनी आवळून खड्ड्यात उलटे टांगण्यात आले. टेकडीवर नेताना, आपण रोमला जाऊन आलेला नाकाउरा जुलियान आहोत, असे त्याने जमलेल्या लोकांना सांगितले, अशी परंपरा आहे. त्याला ओळखता येईल असे त्याच्या अंगावर काहीच नव्हते. २१ ऑक्टोबर १६३३ रोजी त्याने प्राण सोडला. २४ नोव्हेंबर २००८ रोजी नागासाकीत त्याला आणि इतर १८७ रक्तसाक्ष्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.